ऊर्ध्वपातन होते काय?

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत मी एका शब्दाची हकीकत सांगणार आहे. त्या शब्दाचा अर्थ मी स्वतःच्या बुद्धीने लावला आणि स्वतःच्या सुवाच्य अक्षरात तो सरकारी कागदावर लिहिला. त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीच्या फळांच्या गाड्याचा परवाना जाण्याची वेळ आली. कथेत दारू आहे, कायदा आहे आणि तांब्याचे एक भांडे आहे. मात्र कोणीही झिंगत नाही, हे आरंभीच नमूद करतो, म्हणजे त्या अपेक्षेने वाचणाऱ्यांचा वेळ वाया जाणार नाही.

प्रथम माझ्याविषयी थोडेसे. मी पुस्तक-बांधणीच्या कारखान्यात कारागीर आहे. शाळा पाचवीनंतर सुटली. त्यापुढील शिक्षण मी कामाच्या टेबलावर घेतले. छापखान्यातून मोठाले कागद येतात. त्यांना घड्या घातल्या की सोळा पानांचा एक जुडगा होतो, त्यास आम्ही फर्मा म्हणतो. प्रत्येक कारागिराकडे एकच फर्मा घडीसाठी येतो. परिणामी कोणत्याही ग्रंथाची सोळा पाने मला जवळजवळ तोंडपाठ असतात आणि उरलेली मी पाहिलेलीसुद्धा नसतात. यकृताचे कार्य मला ठाऊक आहे, मूत्रपिंडाचे नाही, कारण मूत्रपिंड पलीकडच्या टेबलावर होते. एका राजाने एका किल्ल्यास वेढा घातला हे मी तीन हजार वेळा वाचले. वेढा उठला की नाही ते आजतागायत कळलेले नाही. यावरून आमच्या मालकांनी माझे नाव ‘सोळापान्या’ असे ठेवले आणि ते सर्वत्र रूढ झाले. घरी मात्र माझा मान निराळा होता. ताई आल्यागेल्याला सांगत असे की आमच्या भावाने जगातली सगळी पुस्तके वाचली आहेत, मधूनमधून.

ताईचा चौकात फळांचा गाडा आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात बॉयलर सांभाळत असत. गुडघे निकामी झाले तेव्हा त्यांना घरी बसावे लागले. घर चालते ते गाड्यावर. दोघे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात, मी एकटा त्याच जिन्याला पहिल्या मजल्यावर.

ज्या माणसाने तीस वर्षे वाफ सांभाळली, त्याच्याने वाफेवाचून राहवत नाही. गाड्यावरील जी फळे डागाळत, ती ताई संध्याकाळी घरी आणी. दाजी त्यांचा सडका भाग कापून टाकीत, उरलेले कुस्करून पिंपात आंबवीत आणि आठवड्यातून एकदा गाळीत. त्याकरिता त्यांनी तांब्याच्या पत्र्याचे एक भांडे स्वतः ठोकून घडविले होते. भांड्यास घट्ट झाकण, झाकणातून निघालेली नळी, ती नळी गार पाण्याच्या पिंपातून वेटोळे घेत बाहेर येई आणि तिच्या टोकाशी बाटली लावलेली असे. झाकणाच्या कडेने वाफ निसटू नये म्हणून तेथे खळ लिंपावी लागे. ही खळ मी आमच्या कारखान्यातून डब्यात घालून आणीत असे. पुस्तकाचा पुठ्ठा चिकटविणारी तीच खळ. तेव्हा या उद्योगात माझाही हात होता, हे लपविण्यात अर्थ नाही.

दाजींची शिस्त कडक होती. ‘पहिल्या धारेची’ हे शब्द लोक मिटक्या मारीत उच्चारतात, त्यांनी एकदा दाजींना भेटावे. पहिली धार ते तोंडाजवळही येऊ देत नसत. तीत विष असते आणि माणसाची दृष्टी जाते, असे ते सांगत. ती वेगळी काढून ते खिडकीच्या काचा पुशीत. त्यानंतरची दारू ते सुट्टीच्या दिवशी एक लहान पेला घेत, अर्धा मला देत, आणि उरलेली ताई त्यांच्या गुडघ्यांना चोळीत असे. विक्री कधीही केली नाही. भांड्यात शेवटी जे आंबूस पाणी आणि चोथा राही, तो बादलीभर ऐवज दाजी मागील खिडकीतून खालच्या गटारात भिरकावीत. तळमजल्यावरील शिंप्याची कपडे वाळत घालण्याची दोरी नेमकी त्या मार्गात येत असे. वारा असला की काय होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. शिंपी वर येऊन भांडत असे. दाजी म्हणत की वारा माझ्या हाताखाली कामाला नाही.

असे चालले असता नवा दारूचा कायदा आला.

कायदा आल्याचे सर्वांना कळले. तो काय आहे हे मात्र कोणालाच कळेना. केशकर्तनालयात ऐकले की आता घरी करण्यास पूर्ण मोकळीक आहे. दूध घालणारा म्हणाला की मोकळीक कसली, बाटली धुताना सापडलात तरी आत टाकतील. परवाना कार्यालयातील कारकुनाने ताईस एवढेच सांगितले की ज्याच्या राहत्या जागेत दारूचा गुन्हा घडेल, त्याचा कसलाही परवाना असो, तो रद्द होईल. हे ऐकून ताईची झोप उडाली. तिने दाजींना भांडे मोडीत द्यावयास सांगितले. दाजी म्हणाले की आधी कायद्यात काय आहे ते तर बघू. दोघांचे दोन दिवस बोलणे बंद होते. तिसऱ्या दिवशी ताईस आठवले की त्या कायद्याची पुस्तिका आमच्याच कारखान्यात बांधणीस आली आहे.

ती माझ्या खोलीत येऊन दारातच उभी राहिली.

“हे बघ, माझा गाडा याच्यावर आहे,” ती म्हणाली. “नीट वाच आणि मला एका वाक्यात सांग. भांडं ठेवायचं की मोडायचं.”

दुसऱ्या दिवशी मी तो फर्मा वाचला. माझ्या वाट्यास दुसरा फर्मा आला होता. पहिल्यावर शाई फासली गेल्याने तो पुन्हा छापावयास परत गेला होता. माझ्या फर्म्यात कलम नववे असे होते की, घरगुती उपयोगाकरिता फळांपासून मद्य तयार करण्यास, ते विक्रीस न ठेवण्याच्या अटीवर, परवान्याची आवश्यकता असणार नाही. हे वाचून मला आनंद झाला. त्याखालीच कलम दहावे होते: ‘परंतु कोणत्याही निवासी जागेत ऊर्ध्वपातन करणे हा अपराध समजला जाईल.’

हा शब्द मी पूर्वी कधीही पाहिलेला नव्हता. शब्दांच्या व्याख्या कलम दुसऱ्यात दिल्या आहेत, असे तळटिपेत म्हटले होते. कलम दुसरे पहिल्या फर्म्यात होते. मालकांना विचारता आले असते. परंतु ज्याला घरी विद्वान समजतात, त्याने एका शब्दासाठी मालकांपुढे उभे राहावे हे मला प्रशस्त वाटले नाही. मी शब्द फोडला. ‘ऊर्ध्व’ म्हणजे वरचा. शरीरशास्त्राच्या फर्म्यात ऊर्ध्व महाशिरा मी वाचलेली होती. ‘पात’ म्हणजे पडणे, जसे उल्कापात. तोही एका फर्म्यात होता. मग पातन म्हणजे पाडणे. सबब, ऊर्ध्वपातन म्हणजे वरून खाली पाडणे किंवा टाकणे.

आणि वाचकहो, तत्क्षणी माझ्या डोळ्यांपुढे शिंप्याची दोरी उभी राहिली. अर्थ इतका चपखल बसला की मला दुसरी शंकाच आली नाही. घरी दारू करा, परंतु तिची घाण वरच्या मजल्यावरून लोकांच्या अंगावर टाकू नका, असा तो कायदा होता. मला तो अत्यंत सुज्ञ वाटला.

संध्याकाळी मी दोघांपुढे हा अर्थ मांडला. ताईने सुटकेचा निःश्वास टाकला.

“कायदा करणाऱ्यांना आपली खिडकी कशी माहीत?” दाजींनी विचारले.

मी त्यांना समजाविले की कायदा हा सर्वांच्याच खिडक्यांचा विचार करून केलेला असतो.

“छापलंय तसं?”

“छापलंय.”

“मग उचला,” दाजी म्हणाले.

वास्तविक बादली जिन्याने खाली नेऊन ओतली असती तरी भागले असते. परंतु दाजींच्या गुडघ्यांना ते जमणारे नव्हते, आणि मला वाटले की जेथे ‘ऊर्ध्व’ म्हणून काही उरतच नाही, तेथे अपराध कसा उरेल. जिन्याखाली एक कोठी होती, तीत ताईच्या मोडक्या टोपल्या असत. तिचे दार इमारतीच्या दर्शनी बोळात, रस्त्यास लागून उघडते. आम्ही टोपल्या हलविल्या आणि भांडे, नळी, पिंप असा सर्व संसार दोन मजले खाली उतरविला. कोठीत हवा नसल्याने दार सताड उघडे ठेवावे लागे. येणारेजाणारे डोकावीत, दाजी त्यांना वाफेचे शास्त्र समजावून सांगत. कायद्याने मोकळीक दिलेली असल्याने लपविण्याचे कारणच नव्हते. निवृत्त झाल्यापासून ते इतके प्रसन्न मला कधी दिसले नव्हते.

पुढील आठवड्यात ताईच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला. नव्या कायद्यामुळे त्यात एक प्रश्न वाढविला होता. प्रश्न अकरावा: ‘अर्जदाराच्या राहत्या इमारतीत मद्यासंबंधी ऊर्ध्वपातन होते काय? असल्यास तपशील द्यावा.’

ताईचे फॉर्म नेहमी मीच भरतो. तो शब्द दिसताच जुना ओळखीचा भेटल्यासारखे मला वाटले. मी लिहिले: ‘होय. पूर्वी दर आठवड्यास एक बादली याप्रमाणे दुसऱ्या मजल्याच्या मागील खिडकीतून होत असे. खाली राहणाऱ्या शिंप्याच्या हरकतीवरून ते पूर्णतः बंद केले असून आता सर्व काम तळमजल्यावर, कोणासही उपद्रव न होता चालते.’

ताईने ते वाचून घेतले आणि विचारले, “नुसतं ‘नाही’ लिहिलं तर चालणार नाही का?”

मी तिला म्हणालो की सरकारी कागदावर खोटे लिहिणे बरे नव्हे. शिंपी उद्या काहीही सांगेल, आपले खरे आधीच लिहिलेले असावे. तिने मान डोलावली आणि सही केली. सही करताना ती म्हणाली की तू आहेस म्हणून बरे आहे. हे वाक्य मला पुढे फार दिवस पुरले.

अकराव्या दिवशी, दुपारच्या आधी, दारूबंदी खात्याच्या एक निरीक्षक बाई आल्या. हातात ताईचा फॉर्म, चेहऱ्यावर थकवा. त्या दिवशी आमच्या कारखान्यास सुट्टी होती. ताई गाड्यावर होती. बोळाच्या तोंडाशी मीच भेटलो. त्यांनी मला विचारले की हे अक्षर कोणाचे. मी नम्रपणे माझे असल्याचे सांगितले. त्यांनी जागा पाहावयाची आहे म्हटल्यावर मी त्यांना थेट दुसऱ्या मजल्यावर नेले, कारण प्रश्न ऊर्ध्वपातनाचा होता. कोठीचे दार आम्ही जाताना उघडेच होते, आणि दाजींनी आतून हात वर करून नमस्कारही केला. बाईंचे लक्ष फॉर्मात होते.

मी मागील खिडकी उघडून दाखविली.

“इथून व्हायचं?” त्यांनी विचारले.

“इथूनच.”

त्यांनी खाली वाकून पाहिले, मग खिडकीची चौकट पाहिली. “खिडकीतून कसं होईल?”

“बादलीने.”

“आठवड्याला एक बादली.” त्यांनी फॉर्मात पाहून खात्री केली. “एवढ्याचं करायचात काय?”

“काही नाही. गटारात जायची.”

“सगळी?”

“वारा नसला तर सगळी.”

बाईंनी लिहिणे थांबविले. मला वाटले, त्यांना आमच्या सचोटीचे आश्चर्य वाटत आहे. “म्हणजे इतका खटाटोप करून तुम्ही ती ओतून द्यायचात?”

“ठेवून काय करणार, मॅडम. वास यायचा.”

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळले. मी वेडा आहे की त्यांना वेड्यात काढतो आहे, हे त्या ठरवीत होत्या, असे आता मला कळते. नंतर त्यांनी विचारले की आता तळमजल्यावर काय चालते.

“आता तसलं काही नाही,” मी म्हणालो. “आता फक्त गाळतो.”

“काय गाळता?”

“दारू.”

पुढे बाई जिना उतरू लागल्या आणि मी त्यांच्यामागे उतरू लागलो. कोठीत दाजी स्टुलावर बसले होते. भांड्याखाली मंद आच होती, नळीच्या टोकातून थेंब पडत होता. दाजींनी उठून स्टूल बाईंपुढे केले आणि हे झाकण खळीने का लिंपतात ते सांगावयास सुरुवात केली. बाई बसल्या नाहीत. त्यांनी थेंबाकडे पाहिले, फॉर्माकडे पाहिले आणि मला विचारले की ऊर्ध्वपातन बंद केले असे तुम्ही लिहिले आहे, मग हे काय आहे.

“हे गाळणं आहे.”

“ऊर्ध्वपातन म्हणजे गाळणंच.”

“पण मॅडम,” मी म्हणालो, “हे तर खालीच आहे.”

बाईंनी एक बोट भांड्यावर धरले आणि ते हवेत वर नेले. “वाफ वर जाते. ऊर्ध्व.” मग ते बोट नळीच्या वेटोळ्यावरून खाली बाटलीपर्यंत आणले. “थंड होऊन खाली पडते. पातन.”

त्यांचे बोट बाटलीपाशी थांबले तोच आणखी एक थेंब पडला. शब्द मी बरोबर फोडला होता. वरचे आणि पडणे, दोन्ही बरोबर होते. फक्त काय पडते, तेवढे चुकले होते. दाजींनी वाकून आच बंद केली. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, तीही बाईंसमोर हलक्या आवाजात.

“छापलंय म्हणाला होतास ना?”

छापलेले तर होतेच.

बाईंनी मला ताईस बोलावून आणण्यास सांगितले. ती गाडा शेजारच्या भाजीवालीवर सोपवून आली. कोठीतील तीन चेहरे पाहून तिला फारसे सांगावे लागले नाही. ती माझ्याकडे वळली नाही, दाजींकडेही नाही.

“गाडा जाणार का?” तिने बाईंना विचारले.

बाई म्हणाल्या की ते ठरविणे त्यांच्या हातात नाही. आज भांडे बंद करून सील करावे लागेल, उद्या सर्वांनी कार्यालयात यावे. सीलची कागदी पट्टी त्यांच्याकडे होती, परंतु ती चिकटवावयास काही नव्हते. दाजींनी माझा खळीचा डबा पुढे केला. माझ्याच खळीने आमचे भांडे सरकारने बंद केले. पट्टी मात्र व्यवस्थित बसली. ती बसविताना मी सवयीने अंगठ्याने कडा दाबल्या, तेव्हा ताईने प्रथमच माझ्याकडे पाहिले.

त्या संध्याकाळी ताई एकदाच म्हणाली, आणि तेही भिंतीकडे तोंड करून, की मी ‘नाही’ लिही म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेलो तो पहिला फर्मा परत आलेला होता. कलम दुसरे, पोटकलम चौथे. ऊर्ध्वपातन म्हणजे द्रवाची वाफ करून ती थंड करून पुन्हा द्रव मिळविण्याची क्रिया. मी मालकांना सर्व सांगितले. त्यांनी मला अर्ध्या दिवसाची रजा दिली आणि सांगितले की पहिला फर्मा खिशात घालून जा, निदान या वेळी तरी बत्तीस पाने जवळ असू देत.

कार्यालयात एका लांब टेबलापलीकडे मोठे साहेब बसले होते आणि बाजूस निरीक्षक बाई. आम्ही तिघे उभे. मी प्रथमच सांगून टाकले की ताईचा यात काही दोष नाही, ऊर्ध्वपातन म्हणजे वरून खाली टाकणे हा अर्थ मी लावला, भांडे माझ्या सांगण्यावरून खाली आणले, फॉर्म मी भरला; जी काही शिक्षा असेल ती मला व्हावी, परंतु परवाना राहू द्यावा. साहेबांनी मला ऊर्ध्वपातनाचा माझा अर्थ पुन्हा सांगावयास लावला. मी सांगितला. मग त्यांनी तो तिसऱ्यांदा सांगावयास लावला. आणि बाईंनी खिडकीबाहेर पाहावयास सुरुवात केली, कारण, मला वाटते, त्यांना हसू आवरत नव्हते.

नंतर साहेबांनी पुस्तिका उघडली. कलम चौदावे त्यांनी मोठ्याने वाचले. ज्याने चौकशी सुरू होण्यापूर्वी स्वतः होऊन लेखी कळविले असेल, त्याच्यावर पहिल्या वेळी खटला भरला जाणार नाही आणि त्याचे परवाने अबाधित राहतील. साधने मात्र ताब्यात घेतली जातील. हे कलम तिसऱ्या फर्म्यात होते. तो फर्मा माझ्या शेजारच्या टेबलावर, हाताच्या अंतरावर, आठवडाभर पडलेला होता.

यापुढे जे झाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. साहेब म्हणाले की फॉर्मात ‘होय’ असे स्पष्ट लिहिले आहे, तेव्हा यांनी स्वतः होऊन कळविले आहे. बाई म्हणाल्या की यांनी होय लिहिले ते दुसऱ्याच गोष्टीला. ऊर्ध्वपातनाला तर यांनी ‘पूर्णतः बंद केले’ असे लिहिले, आणि ते चालू होते. साहेब म्हणाले की पुढे ‘आता सर्व काम तळमजल्यावर चालते’ असेही लिहिले आहे, आणि चालत होते ते ऊर्ध्वपातनच. म्हणजे बंद केले असे लिहिले ते जे चालू होते ते नव्हे, आणि चालू आहे असे लिहिले ते जे बंद करावयास हवे होते ते. दोघे माझ्या देखत बराच वेळ माझ्या तीन ओळी उलटसुलट वाचीत राहिले. शेवटी साहेबांनी थेट मलाच विचारले.

“तुम्हाला कळवायचं होतं का?”

ताई माझ्याकडे पाहत होती. ‘होय’ म्हटले तर परवाना वाचत होता, हे मलाही समजत होते. परंतु मी फार गोंधळलो होतो, आणि जे मनात होते तेच बाहेर पडले.

“जे होत होतं ते सगळं कळवायचं होतं, साहेब. जे लिहिलं ते होत होतं, हे तेवढं माहीत नव्हतं.”

साहेबांनी पेन खाली ठेवले आणि ताईकडे वळून विचारले की हा नेहमीच असा बोलतो का. ताई म्हणाली, “लहानपणापासून. पण खोटं बोलायला याला जमत नाही. मी सांगून पाहिलं.”

मग बाईंनी फाइलमधून आणखी एक कागद काढला. तो शिंप्याचा तक्रारअर्ज होता. दारूचा वास, रात्रंदिवस वाफ, चादरींवर डाग, सर्व त्यात होते. कार्यालयात तो आमच्या फॉर्मानंतर दोन दिवसांनी पोहोचला होता. शिक्का होता, तारीख होती. त्यांनी सांगितले की आमचा फॉर्म आला नसता तरी त्या आल्याच असत्या, आणि मग चौकशी शिंप्याच्या अर्जावरून सुरू झाली असती. तेव्हा कलम चौदावे लागू झाले नसते. साहेबांनी दोन्ही तारखा पाहिल्या, पुस्तिका मिटली आणि ताईच्या फॉर्मावर ‘नूतनीकरण करावे’ असे लिहिले.

ताई तेथेच बाकावर बसली. तिने पदराने तोंड पुसले.

परतीच्या वाटेवर मी या सर्वाचा विचार करीत होतो. मी अर्थ चुकीचा लावला नसता तर ताईने भांडे मोडीत घातले असते आणि काहीच घडले नसते. पण दाजींनी ते खरोखर मोडू दिले असते का? ते वरच राहिले असते, तर शिंप्याचा अर्ज गेलाच असता आणि गाडा गेला असता. फॉर्मात ‘नाही’ लिहिले असते तरीही गेला असता. म्हणजे माझ्या चुकीने आम्ही बुडता बुडता वाचलो, की माझ्या चुकीनेच बुडायला लागलो होतो? मी हे दाजींना विचारले. ते म्हणाले की माझे गुडघे दुखत आहेत, घरी जाऊन विचार. घरी गेल्यावर विचारले तेव्हा म्हणाले की चोळायला आता काय आहे ते आधी सांग.

दाजी माझ्यावर रागावले होते की नाही, हेही मला कळले नाही. खात्याची माणसे भांडे उचलून घेऊन गेल्यावर ते रिकाम्या कोठीत जाऊन स्टुलावर बसत. येणारेजाणारे डोकावीत आणि विचारीत की भांडे कुठे गेले. दाजी म्हणत की सरकारला आवडले.

पंधरा दिवसांनी कार्यालयातून एक लखोटा आला. ताई तो घेऊन माझ्या दारात उभी राहिली, पूर्वी उभी राहिली होती तशीच. मागे जिन्याचा कठडा धरून दाजी होते. मला वाटले नव्हते की ती पुन्हा माझ्याकडे कागद आणील. पत्रात एकच वाक्य होते: ‘उपरोक्त तांब्याचे पात्र याद्वारे समपहृत करण्यात येत आहे.’

“म्हणजे भांडं परत मिळणार का?” दाजींनी विचारले. त्यांच्या आवाजात आशा होती.

मी शब्दाकडे पाहिले. माझे मन, सवयीप्रमाणे, त्याच्या सांध्यांवर बोट ठेवू लागले. सम म्हणजे सारखे. अपहृत म्हणजे पळविलेले, हे एका इतिहासाच्या फर्म्यात होते. सारखे पळविलेले. अर्थ जवळजवळ बसत आला होता. दोघे माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि तो बसविणे मला मुळीच कठीण नव्हते.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

ताईने भुवया उंचावल्या. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिने माझ्या तोंडून ऐकले नव्हते. मी चप्पल घातली आणि कार्यालयाकडे चालू लागलो. निरीक्षक बाई जेवणाचा डबा बंद करीत होत्या. मी पत्र पुढे करून एवढेच विचारले की या शब्दाचा अर्थ काय.

“सरकारजमा,” त्या म्हणाल्या. “परत मिळणार नाही.” आणि थोडे थांबून, “विचारायला आलात, ते चांगलं केलंत.”

मी घरी येऊन जसे ऐकले तसे सांगितले. दाजी जिन्याच्या पायरीवर बसले. ताईने मला चहा दिला. कोणी माझे कौतुक केले नाही, कोणी दोषही दिला नाही, आणि त्यातून नेमके काय समजावे हे मी अद्याप ठरवू शकलेलो नाही.

येथे ही हकीकत संपते. ती आरंभापासून अखेरपर्यंत, एकही पान न गाळता वाचलीत, याबद्दल आपणा सर्वांचा मी मनःपूर्वक आभारी आहे. ‘गाळता’ हा शब्द येथे वगळणे या अर्थी घ्यावा.

आपला नम्र,
सोळापान्या
पुस्तक-बांधणी कारागीर